गाडीच्या स्टिरिओसाठी गाण्यांची सीडी

आधी स्टिरिओचं तोंड बघा. त्यावर ‘एमपी३’ लिहिलेलं नसेल तर ऑडिओ सीडीच (साध्या प्लेअरवर वाजणारी गाण्यांची सीडी) करावी लागते: ८० मिनिटं, म्हणजे साधारण १६-१८ गाणी. लिहिलेलं असेल तर डेटा सीडी करा, म्हणजे एमपी३ फायली तशाच सीडीवर टाका. १९२ केबीपीएसची (आवाजाचा दर्जा सांगणारा आकडा) शंभरावर अहिराणी गाणी ७०० एमबीत सहज बसतात.

कोरी सीडी-आरच (एकदाच लिहिता येणारी) घ्या. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूवरून प्रकाश कमी परततो, जुनी लेन्स ती वाचतच नाही. विंडोज मीडिया प्लेअरच्या ‘बर्न’मध्ये प्रकार (ऑडिओ की डेटा) निवडा, वेग कमी (‘स्लो’ किंवा ‘मीडियम’) ठेवा. घाईत ५२एक्सवर (साध्या वेगाच्या ५२ पट) जाळलेली, म्हणजे लिहिलेली सीडी घरी वाजते आणि धुळे-जळगाव रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात अडखळते. फायलींची नावं रोमनमध्ये, आधी ०१, ०२. देवनागरी नावांच्या जागी बऱ्याच स्टिरिओवर चौकोन दिसतात. शेवटी डिस्क फायनलाइज (लिहिणं पूर्ण करून बंद) झालीच पाहिजे, नाहीतर ‘नो डिस्क’.

कागदी लेबल मात्र अजिबात नको. मे महिन्यात भुसावळात बंद गाडी भट्टीसारखी तापते. गोंद सुटतो, कागद आत गुंडाळतो आणि सीडी बाहेरच येत नाही. नाव सीडी-मार्करने लिहा, बॉलपेनने नाही: वरच्या पातळ लाखेखालीच चंदेरी थर असतो. सीडी डॅशबोर्डवर टाकू नका.