जुन्या गाडीचा गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी या चुका टाळा

दुसरा गिअर टाकताना खरखर झाली की लगेच गिअरबॉक्स उतरवायचा, ही घाई मला सर्वांत जास्त खटकते. चार गिअरच्या जुन्या मारुती ८०० मध्ये सिंक्रोमेशची (गिअर जुळण्यापूर्वी दोन्हींचा वेग सारखा करणाऱ्या यंत्रणेची) पितळी रिंग झिजली की असा आवाज येतो हे खरे; परंतु इंजिनला गिअरबॉक्सपासून सोडवणारा क्लच पुरता सुटत नसेल तरीही अगदी तसाच आवाज येतो, आणि क्लचची केबल पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात वाळपईच्या एका तरुणाने अशीच गाडी माझ्याकडे आणली. दुसरीकडे गिअरबॉक्स खोलून रिंगा बदलून झाल्या होत्या, तरी चोर्ला घाटात तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना खरखर होतीच. मी गाडी सपाटीवर उभी केली, इंजिन चालू ठेवून क्लच तळापर्यंत दाबला, मनात पाच अंक मोजले आणि रिव्हर्स टाकला. दात कडाडले. रिव्हर्सला सिंक्रोमेश नसतो, पण क्लच पूर्ण सुटला असता तर तेवढ्या वेळात आतला शाफ्ट थांबला असता. केबल काढून पाहिली, तर टोकाकडच्या बहुतेक तारा गंजून तुटलेल्या आणि सारा भार उरलेल्या चार-पाच तारांवर. नवी केबल घातली, पेडलला बोटभर मोकळी चाल ठेवली, खरखर थांबली. त्या तरुणाचे रिंगांचे पैसे मात्र नाहक गेले, याचे मला आजही वाईट वाटते. केबल नुसती ताणून आवाज घालवणारेही पुष्कळ आहेत. मोकळी चाल संपली की क्लच घसरू लागतो आणि प्लेट जळते.

दुसरी चूक गिअरबॉक्सच्या ऑइलची. दुकानदार 'जास्त चांगले' म्हणून जीएल-५ प्रतीचे गिअर ऑइल देतो. ते मागच्या चाकांच्या डिफरेन्शियलसाठी योग्य आहे. पण त्यातली गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये तापल्यावर पितळेला खातात, शिवाय रिंगेला लागणारी पकडही कमी होते. मी जीएल-४ प्रतीचे, ८०डब्ल्यू-९० दाटपणाचे ऑइल वापरतो. आणि ऑइल काढण्यापूर्वी भरायचा बोल्ट सुटतो का ते आधी पाहावे. खालचा बोल्ट काढून ऑइल सांडून दिले आणि वरचा गंजून जाम निघाला, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. पातळी गाडी सपाटीवर ठेवून, भरायच्या भोकाच्या काठाला लागेल इतकी.

न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर इनपुट शाफ्टचे, म्हणजे इंजिनची गती गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचे, बेअरिंग पाहावे. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग.

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाकावा.

चालवताना गिअरच्या दांड्यावर हात टेकवून ठेवू नये, आतला गिअर सरकवणारा फोर्क झिजतो.

पुराच्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर खालच्या बोल्टातून थोडे ऑइल काढून बोटावर घ्यावे. ते दुधाळ दिसले, तर त्याच दिवशी सगळे बदलावे आणि अ‍ॅक्सलचे सीलही तपासावेत.