शिकागोत नवे आहात? या चुका टाळा

पत्त्यातलं नॉर्थ-साउथ गाळणं ही पहिली चूक. नवखा माणूस हॅलस्टेड रस्त्यावरचा पत्ता मित्राला नुसता ‘2400 हॅलस्टेड’ असा कळवून मोकळा होतो. 2400 नॉर्थ आणि 2400 साउथ यांच्यात पाचेक मैल आहेत, बसा शोधत. फोनमधल्या निळ्या ठिपक्यामागे चालणाऱ्यांना सहा महिन्यांनीही आपलं घर कुठल्या दिशेला आहे ते सांगता येत नाही. हा निव्वळ आळस, कारण इथलं गणित अर्ध्या तासात पाठ होतं.

स्टेट आणि मॅडिसन या रस्त्यांचा चौक म्हणजे शून्य. तिथून दर मैलाला आकडा 800ने वाढतो. उत्तरेला शिकागो अव्हेन्यू 800, नॉर्थ अव्हेन्यू 1600, फुलर्टन 2400. पश्चिमेला हॅलस्टेड 800, ॲशलंड 1600, वेस्टर्न 2400. दक्षिणेचे पहिले तीन मैल तेवढे फसवतात: रूझवेल्ट 1200, सर्मॅक 2200, मग 31वा रस्ता 3100. पुढे हिशेब पुन्हा सरळ. सम आकड्यांची घरं रस्त्याच्या उत्तरेला किंवा पश्चिमेला. दिशा चुकलीच तर मिशिगन तळं आठवा, ते कायम पूर्वेला.

दुसरी चूक ‘एल’च्या, म्हणजे शहरातल्या मेट्रोच्या, स्टेशनच्या नावावर विसंबण्याची, आणि ही दर ऑगस्टला नव्या विद्यार्थ्यांकडून होतेच. ‘ब्लू लाइनच्या वेस्टर्नला उतर’ एवढाच निरोप मिळालेला पोरगा ओहेअर विमानतळावरून दोन बॅगा ओढत येतो, वेस्टर्न दिसताच उतरतो. न्यायला आलेला मित्र दुसऱ्याच वेस्टर्नला, हायवेच्या मधोमध असलेल्या फलाटावर उभा. ब्लू लाइनवर वेस्टर्न नावाची दोन स्टेशनं आहेत, एक ओहेअरच्या फाट्यावर, दुसरं फॉरेस्ट पार्कच्या. अंतर जवळजवळ तीन मैल. ब्राउन, ऑरेंज आणि पिंक लाइनवरही प्रत्येकी एक वेस्टर्न आहेच. कारण साधं: स्टेशनला आडव्या रस्त्याचं नाव देतात, आणि रस्ता अख्खं शहर कापत जातो. म्हणून लाइन, फाटा आणि जवळचा चौक, तिन्ही विचारून घ्यावं. चुकीच्या वेस्टर्नला उतरलातच तर परत गाडीत चढू नका. वेस्टर्नवरूनच धावणारी 49 नंबरची बस दुसऱ्या स्टेशनाशी नेते.

मेट्रा, म्हणजे उपनगरांना जाणारी रेल्वे, आणि ‘एल’ एक नव्हेत, तिकीटही वेगळं. नेपरव्हिलची गाडी युनियन स्टेशनवरून सुटते, पॅलेटाइनची ऑगिल्व्ही स्टेशनवरून. दोन्ही इमारती जवळजवळ असल्यामुळेच गफलत होते.

लोअर वॅकर या खालच्या मजल्यावरच्या रस्त्यावर जीपीएसचा भरवसा नको.

गाडी असेल तर 1 डिसेंबर ते 1 एप्रिल पहाटे 3 ते 7 ठरावीक मोठ्या रस्त्यांवर पार्किंगला बंदी असते. बर्फ पडलेला नसला तरीही. ‘आज तर आभाळ स्वच्छ आहे’ म्हणणाऱ्यांची गाडी सकाळी जागेवर नसते. दंड, टोइंग आणि गाडी ठेवल्याचं भाडं तिन्ही भरावं लागतं. कुलूप लावण्याआधी दोन्ही बाजूंच्या खांबांवरच्या पाट्या वाचा.

आणि डेव्हनला, म्हणजे देशी दुकानांच्या रस्त्याला, किराण्यासाठी कॅब कशाला? रेड लाइनने लोयोला, तिथून 155 नंबरची बस पश्चिमेकडे.