ऑफिसचं कॉमन फोल्डर: साम्बा बसवताना आणि अडलं तर

नौपाड्यातल्या एका सीए ऑफिसात पाच विंडोज पीसी आणि एक लिनक्स सर्व्हर जोडून दिला होता. फोल्डर सगळ्यांना दिसत होतं, उघडत कोणालाच नव्हतं. "ॲक्सेस डिनाइड." दोन तास आम्ही पासवर्ड बदलत बसलो. खरं कारण वेगळंच होतं: फोल्डर मी माझ्या होम फोल्डरात बनवलं होतं आणि तिथे बाकीच्यांना शिरायलाच बंदी होती. या दाराला दोन कुलपं असतात, एक लिनक्सचं आणि एक साम्बाचं, म्हणजे लिनक्सवरचं फोल्डर विंडोज पीसींना नेटवर्कवरून उघडू देणाऱ्या सॉफ्टवेअरचं. दोन्ही उघडली तरच फाइल हाती लागते.

सुरुवातीला राऊटरमध्ये सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, रिझर्व्ह करा. नाहीतर एखाद्या दिवशी लाइट जाऊन येते, आयपी बदलतो आणि सकाळी फोनवर फोन.

मग लिनक्सचं कुलूप. फोल्डर होममध्ये नको, 'एसआरव्ही' (/srv) या डिरेक्टरीखाली बनवा. 'हिशेब' नावाचा ग्रुप करून सगळ्यांची खाती त्यात घाला, फोल्डर त्या ग्रुपच्या नावे करा आणि परवानगी २७७० द्या, म्हणजे मालकाला आणि ग्रुपला सगळं, बाकीच्यांना काहीच नाही. सुरुवातीचा २ विसरू नका. त्याच्यामुळे आत बनणारी प्रत्येक नवी फाइल त्याच ग्रुपची होते.

आता साम्बा. 'एसएमबी डॉट कॉन्फ' या साम्बाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये शेअरचा पाथ, 'रीड ओन्ली'ला 'नो', 'व्हॅलिड युजर्स'मध्ये तो ग्रुप, 'क्रिएट मास्क' ०६६० आणि 'डिरेक्टरी मास्क' २७७०. मास्क म्हणजे नव्या फाइल-फोल्डरला कोणत्या परवानग्या मिळू शकतात ते. तो राहिला तर एकाने ठेवलेली एक्सेल शीट दुसऱ्याला नुसती वाचता येते, सेव्ह होत नाही. 'टेस्टपार्म' (testparm) ही कमांड चालवून त्या फाइलमधल्या चुका बघा. प्रत्येकाचा साम्बा पासवर्ड 'एसएमबीपासडब्ल्यूडी' (smbpasswd) या कमांडने वेगळा घालावा लागतो. लिनक्सचा पासवर्ड इथे चालत नाही. शेवटी सर्व्हिस रीस्टार्ट.

साम्बा ज्यावरून चालतं तो पोर्ट ४४५ फक्त ऑफिसच्या नेटवर्कपुरता उघडा, राऊटरवरून बाहेर कधीही नाही. जुन्या स्कॅनरसाठी एसएमबी-१, म्हणजे फाइल शेअरिंगची जुनी पद्धत, चालू करा असा सल्ला मिळेल, तोही ऐकू नका. जून २०१७ मध्ये आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ज्या व्हायरसने ठप्प केलं, त्याच्या पसरण्याचा एक मार्ग एसएमबी-१ मधलाच दोष होता. स्कॅनर बदलणं स्वस्त पडतं.

अडलं तर खालून वर या. आधी पिंग करून सर्व्हर उत्तर देतो का ते बघा. मग पॉवरशेलमधून ४४५ पोर्ट लागतो का ते बघा. पिंग लागून पोर्ट लागला नाही तर फायरवॉल किंवा बंद पडलेली सर्व्हिस. मग रन बॉक्समध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा आणि आयपी. आयपीने उघडतं पण नावाने नाही, तर घोळ फक्त नावाचा. नेटवर्कच्या यादीत सर्व्हर दिसला नाही म्हणून घाबरू नका. विंडोजची ती यादी ज्या पद्धतीने भरते ती साम्बात नाही. ड्राइव्ह मॅप करा, काम होतं.

पासवर्ड बरोबर असूनही विंडोज "एकाहून जास्त युजरनेम चालत नाहीत" असं म्हणालं, तर जुनं कनेक्शन अडकलेलं असतं. 'नेट यूज' या कमांडने ते काढा आणि पुन्हा जोडा. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ अपडेटवर गेल्यावर बिनपासवर्डचं शेअर बंद पडलं असेल, तर गेस्ट, म्हणजे बिनपासवर्डचा प्रवेश, चालू करण्याच्या फंदात न पडता त्या माणसाचं खातं बनवून द्या.