ग्रुपवर "हे लोक सगळे असलेच" सुरू झालं की काय करायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी इकडं असा ग्रुप सापडणं अवघड आहे जिथं भाषेवरून एकदा तरी जुंपली नाही, मग तो गल्लीतल्या गणपती मंडळाचा असूदे नाहीतर शाळेच्या जुन्या बॅचचा. सुरुवात बघा कशी होते, कुणीतरी टाकतं "हे कन्नडवाले सगळे असलेच", लगेच पलीकडून येतं "तुम्हा मराठी लोकांना इथं राहून तिकडचंच गायचंय", झालं, मग रात्रीपर्यंत तेच. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं कारण आपले प्रश्न खरे आहेत आणि ते ह्या भांडणात वाहून जातात, म्हणून हे लिहायलोय.

आधी वाक्यात "सगळे", "नेहमी", "हे लोक" असलं काही आहे का बघायचं. एका माणसानं काउंटरवर तुमचा अर्ज घेतला नाही असं लिहिलं तर विषय त्या अर्जाचा राहतो. पण "सगळे" लिहिलं की ग्रुपमधला जो कन्नड बोलणारा शेजारी आहे, ज्याला तो काउंटर कुठं आहे ते पण माहीत नाही, त्याला स्वतःची बाजू मांडणं भाग पडतं, आणि तो अर्जाबद्दल बोलतच नाही, तो अपमानाला उत्तर देतो, मग त्या उत्तराला उत्तर, आणि शेवटी अर्ज कुणाच्याच लक्षात राहत नाही. त्यात आपल्याकडं कितीतरी घरांत सून एका भाषेची आणि सासू दुसऱ्या, त्यामुळं "तिकडचे" म्हणून जे मारता ते बऱ्याचदा आपल्याच पाहुण्यांना लागतं. टाइप झालं असेल तर पाठवायच्या आधी "सगळे" काढा आणि कोण, कुठं, कधी ते घाला. घालता येत नसेल तर तो मेसेज पाठवण्यासारखा नव्हता असं माझं स्पष्ट मत आहे.

हे फक्त शब्दांपुरतं राहत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव तालुक्यात बसमधल्या भाषेच्या वादातून कंडक्टरला मारहाण झाली, एका बसमधलं भांडण, पण बघता बघता ते दोन राज्यांचं झालं आणि दोन्हीकडच्या बस बंद पडल्या, हाल कुणाचे झाले तर कोल्हापूरला जाणाऱ्या पेशंटचे आणि कॉलेजच्या पोरांचे, आणि त्यात मराठी-कन्नड दोन्ही होते की.

दुसरी गोष्ट अर्धवट माहिती, आणि ही जास्त घातक. कारण ती खरी असते. महाजन आयोगाचंच घ्या. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी केंद्रानं तो १९६६ ला नेमला, १९६७ ला अहवाल आला. एक जण लिहितो "महाजननं बेळगाव कर्नाटकालाच दिलं, विषय संपला". बरोबर आहे, दिलं. पण त्याच अहवालात निपाणी, खानापूर, नंदगडसकट २६४ गावं महाराष्ट्राला द्या असंही आहे, आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूरसकट २४७ गावं कर्नाटकाला द्या असंही आहे. महाराष्ट्रानं तो मानला नाही, पुढं ८६५ गावांवरचा दावा घेऊन २००४ ला सुप्रीम कोर्टात गेला. आता ह्यातला आपल्या सोयीचा एकच तुकडा टाकला की समोरच्याला वाटतं हा खोटं बोलतोय, आणि तो त्याचा तुकडा टाकतो, दोघंही खरं बोलत असतात आणि दोघंही एकमेकाला खोटारडा ठरवतात. म्हणून आपल्या विरोधातला भागही आपणच आधी लिहायचा. भीती वाटते असं करायला, पण त्यानं समोरचा निम्मा शांत होतो.

पाट्यांचंही तसंच. "मराठी पाट्यांवर बंदी आली" असा मेसेज फिरतो आणि दुकानदार घाबरतो. कर्नाटकच्या नियमात पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला आहे, उरलेल्या जागेत दुसरी भाषा चालते. ह्यावर राग येऊ शकतो, मलाही येतो, पण खडेबाजारातल्या दुकानदाराला पाटी कशी रंगवायची हे कळायला हवं, आणि "बंदी" ह्या एका शब्दानं ते कळायचं राहून जातं.

१ नोव्हेंबरला विशेष जपायचं. १९५६ ला ह्याच तारखेला राज्यांची पुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव आजच्या कर्नाटकात गेलं, त्यामुळं कन्नड माणसाचा तो राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसाचा काळा दिन. ग्रुपवर कुणी शुभेच्छा टाकल्या म्हणजे तो तुम्हाला डिवचतोय असं धरून चालू नका, तो दरवर्षी सगळ्यांनाच टाकतो. आणि तुम्ही काळा दिन पाळता तर शांतपणे का पाळता ते लिहा, त्याच्या शुभेच्छांखाली रिप्लाय म्हणून मात्र नको, वेगळा मेसेज करा.

टायपिंगमध्ये आवाज जात नाही हे तर आहेच. "काय रे, कळतंय का तुला" हे कट्ट्यावर हसत म्हटलं जातं आणि स्क्रीनवर तेच शिवी वाटतं. कन्नड मेसेज ट्रान्सलेटमधून वाचला असेल तर अजूनच गडबड, त्याला आधी विचारा "अण्णा, तुम्हाला असं म्हणायचंय का?" बऱ्याचदा नसतंच. दोन रिप्लायच्या वर गेलं तर फोन लावा.

अॅडमिननं काय करायचं? मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय व्हॉट्सअॅपवर अॅडमिनला आहे, ती वापरावी, पण दोन्ही बाजूंना सारखी. फक्त एकाच भाषेचे मेसेज उडवले तर तेच नवीन भांडण. "फॉरवर्डेड मेनी टाइम्स" लिहिलेलं असेल तर टाकणाऱ्याला विचारावं, हे तुला कुठून आलं.

आणि खरा राग असेल तर तो कामाला लावा. संविधानाच्या कलम ३५० नुसार राज्यात किंवा देशात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत तक्रार अर्ज देता येतो, ३५०अ मध्ये प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकण्याची सोय करायला सांगितलंय, ३५०ब मध्ये भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी आहे. अर्ज घेतला नाही तर तारीख, ऑफिसचं नाव, कुठला कागद, काय उत्तर मिळालं एवढं लिहून अर्जाचा फोटो लावून ग्रुपवर टाका, आणि त्याच अर्जाची प्रत स्पीड पोस्टानं त्या ऑफिसला पाठवून पावती जपून ठेवा.