पत्रिकेतले नाजूक अंश कसे पाहावेत

भाचीला मुलगी झाली आणि बारशाच्या आधीच घरात कुजबुज सुरू झाली. मोबाइलवरच्या एका अ‍ॅपने बाळाचा चंद्र लाल अक्षरांत दाखवला होता: वृश्चिक, २९ अंश १० कला, ‘गंडांत’, म्हणजे राशी आणि नक्षत्र एकदम संपतात त्या सांध्याजवळ. भाचीच्या सासूबाईंचा मला फोन आला, "भाऊ, खरं सांगा, मूळ नक्षत्र तर नाही ना?" त्याच्या आदल्याच दिवशी आमच्या इंदूरमधल्याच एका ज्योतिषांनी पत्रिका न मांडता, नुसता तो अंश ऐकून, ‘आईला जड’ असं सांगून टाकलं होतं. ओली बाळंतीण दोन रात्री झोपली नव्हती. मला फार वाईट वाटलं. अंश पाहण्याची एक रीत असते, आणि ती घरातल्या कुणालाही शिकता येते. भाचीला कागद-पेन्सिल घेऊन जी समजावली, तीच इथे लिहितो.

आधी वेळ पक्की करा

जन्माच्या दाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. वेळ मिळते ती डिस्चार्ज कार्डावर किंवा बाळंतपणाच्या नोंदीत. तिथे ‘८.३०’ असा गोल आकडा दिसला की समजावं, कुणीतरी बाळाला पुसून, वजन करून, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आहे. त्या वेळेपुढे पेन्सिलीने ‘± १० मिनिटं’ लिहून ठेवा. ही खूण पुढे फार उपयोगी पडते.

घरातल्या वडीलधाऱ्यांची पत्रिका तपासत असाल तर आणखी दोन गोष्टी बघा. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात महायुद्धामुळे आपल्या देशात घड्याळं एक तास पुढे होती. तेव्हाची घड्याळी वेळ असेल तर एक तास वजा करावा लागतो. आणि जुन्या पत्रिकांत वेळ घटी-पळांत असते, तीही सूर्योदयापासून मोजलेली. एक घटी २४ मिनिटांची, एक पळ २४ सेकंदांचं. इष्टकाल ५ घटी ३० पळं म्हणजे सूर्योदयानंतर २ तास १२ मिनिटं. इथे सूर्योदय जन्मगावाचा, म्हणजे आमच्याकडे इंदूरचाच घ्यायचा. जूनच्या सुरुवातीला तो पावणेसहाच्या आत होतो आणि जानेवारीच्या मध्यात सात वाजून गेल्यावर. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीतल्या पत्रिका मी अशाच उलगडल्या, आणि दोन पत्रिकांत लग्नाची, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी, राशी एका घराने सरकली.

मग ठिकाण आणि अयनांश

अ‍ॅपमध्ये गावाचं नाव टाकलं की पुरतं असं वाटतं, पण अ‍ॅपने तेच गाव धरलंय ना, हे उघडून बघा. इंदूर साधारण २२ अंश ४३ कला उत्तर अक्षांशावर आणि ७५ अंश ५२ कला पूर्व रेखांशावर आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, म्हणून इंदूरचा सूर्य घड्याळाच्या सुमारे साडेसव्वीस मिनिटं मागे चालतो. ग्वाल्हेरसाठी हा फरक सव्वासतरा मिनिटांच्या आसपास, वडोदऱ्यासाठी सदतीस. चुकून दिल्ली किंवा मुंबई राहिली तर लग्नाचे अंश बदलतात. आपल्याला तर या बाबतीत चुकायला जागाच नाही. ज्या उज्जैनच्या रेषेवरून जुने गणिती देशभराचे रेखांश मोजत, ते गाव इंदूरपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे.

अयनांश, म्हणजे वसंतसंपाताच्या बिंदूपासून मेषेची सुरुवात किती अंश पुढे धरायची ते माप, हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग, आणि अंशांच्या गोष्टीत सगळ्यांत महत्त्वाचा. आज बहुतेक अ‍ॅप आणि दाते पंचांगासारखी चित्रापक्षाची, म्हणजे चित्रा ताऱ्यावरून मोजणारी, पंचांगं सुमारे २४ अंश १० कलांच्या जवळपासचा अयनांश धरतात. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीनेही चित्रापक्षाचाच अयनांश घेतला होता. टिळक पंचांग मात्र रेवतीच्या ताऱ्यापासून मोजतं. त्याचा अयनांश जवळजवळ चार अंशांनी कमी. अयनांश कमी म्हणजे प्रत्येक ग्रह तेवढा पुढे.

आता आमच्या बाळाचा चंद्र बघा. चित्रापक्षाने वृश्चिक २९ अंश १० कला, म्हणजे ज्येष्ठा नक्षत्र, चौथा चरण. टिळक पंचांगाने तोच चंद्र धनूच्या ३ अंश ९ कलांच्या आसपास, म्हणजे मूळ नक्षत्र, पहिला चरण. आकाशातला चंद्र एकच, बाळ एकच. सासूबाईंच्या माहेरी टिळक पंचांग, सासरी दाते. त्यांच्या मनातलं ‘मूळ’ हे माहेरच्या पंचांगातून आलं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. घरात जे पंचांग सणवारांना चालतं तेच पत्रिकेलाही धरा आणि मध्येच बदलू नका. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात अयनांशाचं नाव लिहा.

ग्रहस्पष्ट कागदावर उतरवा

चौकटीच्या कुंडलीत फक्त राशीचे आकडे आणि ग्रहांची आद्याक्षरं असतात. अंश तिथे दिसत नाहीत. ‘ग्रहस्पष्ट’ नावाचा तक्ता शोधा आणि लग्नासकट नऊ ग्रह अंश-कलांसह हाताने लिहा. एक राशी ३० अंशांची, एक अंश ६० कलांचा. एक नक्षत्र १३ अंश २० कला, त्याचा एक चरण ३ अंश २० कला. असे १०८ चरण मिळून राशिचक्र पुरं होतं, आणि प्रत्येक चरण म्हणजे एक नवमांश, राशीचा नववा भाग. ३ अंश २० कला हे माप तोंडपाठ करा. नाजूक म्हणवल्या जाणाऱ्या बऱ्याचशा जागा याच मापाने कापलेल्या आहेत.

खुणा करा

राशीच्या पहिल्या किंवा शेवटच्या अंशात असलेल्या ग्रहासमोर ‘संधी’ लिहा. परंपरा अशा ग्रहाला उंबऱ्यावर उभा असलेला मानते. त्याचं फळ डळमळीत.

गंडांत फक्त तीन ठिकाणी होतो: कर्क-सिंह, वृश्चिक-धनू आणि मीन-मेष. बाकी राशी बदलतात तेव्हा नक्षत्र मधूनच पुढे चाललेलं असतं. या तीन जागी मात्र राशी आणि नक्षत्र दोन्ही एकदम संपतात, जलराशी सरून अग्निराशी लागते. आश्लेषा संपून मघा, ज्येष्ठा संपून मूळ, रेवती संपून अश्विनी. ढोबळ मानाने सांध्याच्या दोन्ही बाजूंचा एकेक चरण गंडांतात धरतात, म्हणजे पावणेसात अंशांचा पट्टा. चंद्राला तो ओलांडायला साधारण बारा तास लागतात. म्हणजे दर महिन्यात तीनदा, बारा-बारा तास जन्मणारी सगळी बाळं गंडांतातली. आपल्या आसपास अशी किती धडधाकट माणसं वावरत असतील, याचा हिशेब घाबरलेल्या आजीला नक्की करून दाखवा. सांध्याच्या जितकं जवळ तितका दोष जास्त, असं ग्रंथकार मानतात. म्हणून नुसतं ‘गंडांत’ न लिहिता सांध्यापासून किती कला, ते लिहा. आमच्याकडे ५० कला.

परमोच्च, म्हणजे ग्रह सगळ्यांत बलवान मानला जातो ते, अंश सात: रवी मेषेत १०, चंद्र वृषभेत ३, मंगळ मकरेत २८, बुध कन्येत १५, गुरू कर्केत ५, शुक्र मीनेत २७, शनी तुळेत २०. समोरच्या सातव्या राशीत तेवढाच अंश परमनीच, म्हणजे सगळ्यांत दुबळा. बाळाचा चंद्र वृश्चिकेत म्हणून कुणी ‘नीच’ म्हणालं, पण परमनीच बिंदू तिसऱ्या अंशावर आहे आणि हा चंद्र तिथून सव्वीस अंश पुढे निघून आलेला आहे.

वर्गोत्तम, म्हणजे ग्रहाची राशी आणि नवमांशाची राशी एकच असणं, पाहणं सोपं. चर राशीत (मेष, कर्क, तूळ, मकर) पहिला नवमांश, स्थिर राशीत (वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ) पाचवा, द्विस्वभाव राशीत (मिथुन, कन्या, धनू, मीन) शेवटचा. पुष्कर नवमांश प्रत्येक राशीत दोन: अग्निराशीत सातवा आणि नववा, पृथ्वीराशीत (वृषभ, कन्या, मकर) तिसरा आणि पाचवा, वायुराशीत (मिथुन, तूळ, कुंभ) सहावा आणि आठवा, जलराशीत पहिला आणि तिसरा. हे शुभ मानलेले अंश. अ‍ॅपवाले यांना लाल रंग देत नाहीत, म्हणून कुणाच्या नजरेत येत नाहीत.

अस्तासाठी, म्हणजे ग्रह रवीच्या तेजात झाकला गेलाय का ते पाहायला, रवीपासूनचं अंतर मोजा: चंद्र १२ अंश, मंगळ १७, बुध १४, गुरू ११, शुक्र १०, शनी १५. वक्री, म्हणजे उलट चालणाऱ्या, बुधाला १२ आणि वक्री शुक्राला ८.

मृत्युभागाचे, म्हणजे घातक मानलेले, अंश मी खुणेत घेत नाही. ग्रंथागणिक त्यांचे आकडे वेगळे आहेत, आणि नावच असं आहे की ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स होतं. एका यादीतला आकडा धरून कुणाच्या आयुष्याबद्दल बोलणं मला पाप वाटतं.

सगळ्या खुणा झाल्या की एक गंमतीचा शुक्र मांडून बघा, मीनेत २७ अंशांवर. तो परमोच्च आहे. मीन द्विस्वभाव, शेवटचा नवमांश, म्हणून वर्गोत्तमही आहे. आणि रेवतीचा चौथा चरण असल्यामुळे गंडांताच्या पट्ट्यातही आहे. तिन्ही खुणा एकाच अंशावर! आता सांगा, एकच शब्द उचलून निकाल कसा देणार?

आता पेन्सिलीचे ± घ्या

मला वाटतं हीच पायरी सगळ्यांत मोलाची आहे, आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतं. दहा मिनिटांची चूक म्हणजे अडीच अंश. तेरा-चौदा मिनिटांत नवमांश बदलतो. चंद्र तासाला साधारण ३३ कला चालतो, दहा मिनिटांत साडेपाच कला. रवी दिवसाला एक अंश. गुरू-शनी तर दिवसभरात काही कलाच. म्हणून घड्याळ दहा मिनिटं चुकलं तरी चंद्राचा अंश भरवशाचा, लग्नाचा अंश मात्र मुळीच नाही.

बाळाचं लग्न अ‍ॅपने कन्या ० अंश १५ कला दिलं होतं. पंधरा कला म्हणजे जेमतेम एक मिनिट. घड्याळ दोन मिनिटं पुढे असेल तर लग्न सिंहेचं, तेही शेवटच्या नवमांशात, म्हणजे पुष्करात. हे कुणालाच ठरवता येणार नाही, म्हणून लग्नापुढे मी ‘कन्या किंवा सिंह, मूल मोठं झाल्यावर पाहू’ एवढंच लिहिलं. चंद्राचं उलट: तो खरोखर मूळ नक्षत्रात जायला जन्म दीड तास उशिरा व्हायला हवा होता. तेवढी चूक अशक्य. ज्येष्ठा पक्की.

अंशाला एकटं बोलू देऊ नका

अंश कळल्यावर राशीचा स्वामी कुठे आहे, गुरूची दृष्टी आहे का, चंद्र वाढता की घटता, कोणत्या भावात (कुंडलीतल्या घरात), हे सगळं पाहिल्याशिवाय तोंड उघडू नये. दशेवरही, म्हणजे आयुष्याच्या कोणत्या वर्षांवर कोणत्या ग्रहाचा अंमल यावरही, अंशाचा परिणाम लगेच दिसतो. ज्येष्ठेच्या ५० कला उरल्या म्हणून बाळाची बुधाची महादशा जेमतेम एक वर्ष बावीस दिवस, पुढे केतूची सात वर्षं. टिळक पंचांगाने बुध नाहीच. केतूची पाच वर्षं चार महिने आणि मग शुक्र. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की सासूबाईंना आपोआप कळलं, कुणी ‘अमुक वर्षी संकट’ म्हणालं तर आधी विचारायचं, कोणत्या पंचांगाने?

शांती करायची का, हा घरच्यांच्या श्रद्धेचा प्रश्न. रीतीप्रमाणे तेच नक्षत्र पुन्हा येतं तेव्हा, साधारण सत्ताविसाव्या दिवशी, जननशांती करतात. भाचीच्या घरी केली. मी फक्त इतकं म्हटलं की ती आईला कुणी भीती घातली म्हणून होऊ नये, आणि तोवर तिला नीट झोपू द्यावं.

बाळाचा कागद आता त्या पत्र्याच्या पेटीत आहे. वर लिहिलंय: इंदूर, रात्री ८.३० ± १० मिनिटं, चित्रापक्ष. चंद्रासमोर: ज्येष्ठा ४, सांध्यापासून ५० कला, नवमांश मीन, स्वामी गुरू. लग्नासमोरची जागा पेन्सिलीतच ठेवली आहे.