टोफूचा भुगा, मेणबत्तीत खड्डा: घरच्या व्हीगन स्वयंपाकात आणि हस्तकलेत या चुका टाळा

सोयाबीनच्या दुधाला पहिल्यांदा उकळी आल्यासारखी वाटते, तेव्हा ती खरी उकळी नसते. फेस भराभर चढत पातेल्याच्या काठाशी येतो, आपली धांदल उडते, गॅस बंद होतो आणि दूध झालं असं समजून आपण ते गाळून पितो. मग पोट बिघडतं आणि ‘मला सोया सोसत नाही’ असं म्हणून तो विषय कायमचा बंद होतो. खरं तर तो फेस सॅपोनिन नावाच्या घटकाचा. ८० अंशांच्या आसपासच तो वर चढतो, दूध उकळायला अजून बराच अवकाश असतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटकही असतात. ते निकामी व्हायला खरी उकळी यावी लागते आणि त्यानंतर किमान १० मिनिटं दूध मंद आचेवर राहावं लागतं. फेस आला की आच कमी करा, ढवळत राहा, फेस बसला की पुन्हा वाढवा. पातेलं निम्मंच भरलेलं असेल तर ही धावपळ बरीच वाचते.

सुरुवात इथून केली, कारण घरी बनवलेली व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून काहीही न घेतलेली, वस्तू फसली की आपण सगळ्यात आधी सामानाला दोष देतो. सोयाबीन जुनं होतं, मेण हलकं होतं, पीठ चांगलं नव्हतं. इतकी वर्षं हे सगळं करताना मला मात्र बहुतेक वेळा चूक सापडली ती आचेत, पाण्याच्या मापात किंवा थांबायच्या वेळेत. म्हणून सामान बदलण्याआधी हे तपासा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर कशामुळे जमलं ते कधीच कळत नाही.

दूध उग्र लागतं, टोफू लागत नाही

सोयाच्या दुधाला येणारा कच्च्या शेंगेसारखा वास बियांमध्ये आधीपासून नसतो, तो दळताना तयार होतो. दाणा फुटून त्याला पाणी आणि हवा लागली की त्यातलं एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं. उष्णतेने ते मरतं. म्हणून भिजवलेलं सोयाबीन गार पाण्यात न वाटता उकळत्या पाण्यात वाटायचं. मिक्सरचं भांडं अर्ध्याच्या वर भरू नका आणि झाकण घट्ट दाबू नका, कारण वाफेने ते उडतं आणि चांगलंच भाजतं. टोफू, म्हणजे सोयाच्या दुधाचं पनीर, करायचा असेल तर या पद्धतीने उतारा थोडा कमी पडतो, पण चवीसाठी मला तो सौदा मान्य आहे.

भिजलं की नाही हे घड्याळावरून ठरवू नका. साधारण ८ ते १० तास लागतात, उन्हाळ्यात कमी. एक दाणा सोलून दोन दळं वेगळी करा. आतली बाजू सपाट आणि एकाच रंगाची दिसली तर झालं. मधे खोलगट आणि गडद पिवळी असेल तर आणखी थांबा.

आता टोफू. २०० ग्रॅम कोरड्या सोयाबीनला सगळं मिळून दीड लीटर पाणी धरा. जास्त पातळ केलं तर दही धरतच नाही. दूध नीट उकळून झाल्यावर ७५ ते ८० अंशांपर्यंत निवू द्या. उकळत्या दुधात लिंबाचा रस ओतणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, त्याने गुठळ्या एकदम आवळतात आणि टोफू चरबरीत होतो. दोन-तीन मोठे चमचे रस अर्धी वाटी पाण्यात मिसळून तीन वेळा, थोडा थोडा घाला. दर वेळी पळी एकदाच हलक्या हाताने फिरवा, मग झाकण ठेवून हात मागे घ्या. तेच जमत नाही! पाच मिनिटांत काही दिसलं नाही की माणूस ढवळायला लागतो, आणि मऊ चकत्यांसारखं धरू पाहणारं दही मोडून त्याचा भुगा होतो.

झाकण उघडल्यावर पाण्याचा रंग बघा. फिकट पिवळं, आरपार दिसणारं पाणी सुटलं असेल तर काम झालं. पाणी दुधाळ असेल तर प्रथिनं अजून त्यातच आहेत. आणखी एक चमचा रस पाण्यात मिसळून कडेकडेने सोडा आणि पुन्हा थांबा. पाणी स्वच्छ झालं तरी आणखी आंबट घालत राहिलात तर टोफू कडक आणि आंबट होईल. नंतर फडक्यात बांधून वजनाखाली २० ते ३० मिनिटं ठेवा.

तव्याला चिकटतो, ही दुसरी तक्रार. तुकडे कोरडे पुसून घ्या, तवा आधी तापवा, मग तेल, मग टोफू, आणि तळाशी सोनेरी पापडी धरेपर्यंत उलटायला जाऊ नका. पापडी धरली की तो आपणहून सुटतो. मसाला आत मुरत नसेल तर टोफू फ्रीजरमध्ये गोठवा, वितळवा आणि पिळा. बर्फाच्या कणांनी त्यात भोकं पडतात, मग तो स्पंजासारखा रस ओढून घेतो.

बाकीची दुधं

ओट्सचं दूध शेंबडासारखं ताणलं जात असेल तर तुम्ही पाणी कोमट घेतलंय, मिक्सर फार वेळ फिरवलाय किंवा चोथा पिळलाय. बर्फासारखं गार पाणी, ३० सेकंद, आणि आपोआप गळेल तेवढंच दूध. बदामाच्या दुधात थर पडतात ते बिघडल्यामुळे नाही, हलवून प्या. कॉफीत दूध फाटतं, कारण कॉफी गरमही असते आणि आंबटही. गार दूध वरून ओतण्याऐवजी दूध कोमट करून कपात घ्या आणि कॉफी त्यात हळूहळू सोडा.

दही लावायचं असेल तर सोयाचंच दूध घ्या, त्यात प्रथिनं भरपूर असतात. बदामाचं दूध आंबतं पण घट्ट होत नाही. विरजण घालताना दूध ४० ते ४३ अंशांवर असावं. बोट बुडवून सहज दहा मोजता आले पाहिजेत. त्याहून फार गरम असेल तर विरजणातले जिवाणू मरतात आणि सकाळी पातेल्यात नुसतं दूधच सापडतं.

अंड्याची जागा कोण घेणार?

केक फसतो तो बहुधा इथे. अंडं बांधतं, फुगवतं, ओलावाही देतं, आणि एकच पदार्थ ही सगळी कामं करील अशी आपली अपेक्षा असते. जवस बांधण्याचं काम करतो. एक मोठा चमचा जवसाची पूड, तीन चमचे पाणी, दहा मिनिटं. अख्खे दाणे भिजवले तर उपयोग होत नाही, आणि गार पाण्यात मिसळून लगेच पिठात ओतले तरीही. पण जवस फुगवत नाही. ते काम खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर करतात, आणि त्यांचा वायू पीठ ओलं झाल्याक्षणीच सुटायला लागतो. आधी ओव्हन तापवा, साचा तयार ठेवा, मगच ओलं-कोरडं एकत्र करा. माझा एक केक मधे खचला होता, कारण मिश्रण तयार करून मी साच्याला तेल लावायला बसले. केक साबणासारखा लागत असेल तर सोडा जास्त पडलाय. चिवट झाला असेल तर पीठ फार फेटलंय.

फेस हवा असेल तर काबुली चणे शिजवलेलं पाणी वापरा. त्याचा अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस होतो हे २०१४ मध्ये फ्रान्सच्या ज्योएल रोसेल यांनी दाखवलं, आणि पुढच्या वर्षी गूस वोल्ट यांनी त्याला ‘अक्वाफाबा’ हे नाव दिलं. फेस येत नाही याची दोनच मोठी कारणं आहेत. एक म्हणजे पाणी पातळ असतं. घरी शिजवलेल्या चण्यांचं पाणी बोटावर जरा चिकट लागेपर्यंत आटवा आणि गार करा. दुसरं म्हणजे भांड्याला तेलाचा अंश असतो. प्लास्टिकच्या भांड्याला तेल धुऊनही राहतं, म्हणून काचेचं किंवा स्टीलचं घ्या, आतून लिंबाची फोड फिरवा आणि आठ-दहा मिनिटं सलग फेटा. मोठे तीन चमचे पाणी म्हणजे एक अंडं.

या तीन बाबतीत प्रयोग नको

राजमा मंद आचेच्या कुकरमध्ये कच्चा टाकू नका. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं आणि अर्धवट तापाने ते जात नाही, उलट ८० अंशांच्या आसपास शिजवलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात १० मिनिटं खळखळून उकळा. मग पुढचं शिजवणं.

कच्चा लसूण तेलात घालून बाटली ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू तिथेच वाढतात. वास बदलत नाही, रंग बदलत नाही. लागेल तेवढंच करा, फ्रीजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा.

आणि बी-१२, वनस्पतींच्या आहारातून पुरेसं न मिळणारं जीवनसत्त्व. व्हीगन हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी रूढ केला. बी-१२ जीवनसत्त्व वेगळं काढता आलं ते त्यानंतर, १९४८ मध्ये. पहिल्या लोकांना ते माहीत असणं शक्यच नव्हतं, आपल्याला आहे. स्पिरुलिना किंवा आंबवलेल्या पदार्थांवर विसंबू नका. पूर्णपणे व्हीगन असाल तर गोळी किंवा बी-१२ मिसळलेले पदार्थ नियमित हवेतच.

हस्तकलेच्या टेबलावर लपलेले प्राणी

ताटात काय आहे ते बारकाईने बघणारी माणसं रंगाची पेटी मात्र तशीच उघडतात. मधमाशीचं मेण ओळखू येतं. पण मेणबत्ती कडक करायला घालतात ते स्टिअरिन चरबीपासून काढलेलं असू शकतं. लाकडाला चमक देणारी चपडी लाखेच्या किड्यापासून येते, आणि तीच ई ९०४ या खाद्यघटक-क्रमांकाने गोळ्या-चॉकलेटच्या पापुद्र्यावरही असते. ई १२० हा लाल रंग किड्यांचा. सरस प्राण्यांच्या कातडी-हाडांचा, काही ब्रश केसांचे. लेबलवर स्टिअरिन ‘वनस्पतिजन्य’ आहे असं लिहिलं नसेल तर विचारून घ्या. पांढरा फेव्हिकॉलसारखा गोंद मात्र कृत्रिम असतो.

सोयाच्या मेणाची मेणबत्ती ही सोपी सुरुवात, पण ती वातीभोवती खड्डा करत खाली जाते आणि कडेचं मेण तसंच उरतं. कारण वात बारीक असते, किंवा पहिल्यांदा पेटवून अर्ध्या तासात विझवलेली असते. पहिल्या वेळी वितळलेलं मेण काचेच्या कडेपर्यंत पोहोचू द्या, दर अडीच सेंटीमीटर रुंदीला सुमारे एक तास धरा. खड्डा पडलाच असेल तर वरून कडेकडेने अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, मधे भोक ठेवा आणि पेटवा. आतल्या उष्णतेने कडेचं मेण उतरतं. उलट ज्योत मोठी, काच काळी आणि ग्लास हात लावू नये इतका गरम होत असेल तर वात जाड आहे. पेटवण्याआधी ती पाच-सहा मिलिमीटरवर कापा.

सुगंध जास्त यावा म्हणून तेल वाढवू नका. २०० ग्रॅम मेणाला १२ ते १६ ग्रॅम पुरे, त्याहून जास्त घातलं तर पृष्ठभागावर घाम सुटतो. वास मंद वाटतो तो बहुधा मेणबत्ती दुसऱ्याच दिवशी पेटवल्यामुळे. आठवडाभर, जमलं तर दोन आठवडे झाकून ठेवा. वर पांढरी बुरशीसारखी नक्षी दिसली तर ती बुरशी नाही, सोयाच्या मेणाचे स्फटिक आहेत. रंगासाठी क्रेयॉन वितळवू नका, त्यातल्या रंगाच्या कणांनी वात तुंबते. मेण नेहमी गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण ठेवा. पाणी कधीही ओतू नका, जळतं मेण सगळीकडे उडतं.

कागदाच्या लगद्याच्या वस्तूंना बुरशी धरते ती घाईमुळेच. खळ करताना एक भाग मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि पाच भाग होईल एवढ्या उकळत्या पाण्यात सोडून शिजवा. कागद कापू नका, फाडा, कडा एकमेकांत मिसळतात. एका वेळी दोन-तीन थरच द्या आणि दिवसभर वाळवा. वाळलं की नाही ते गालाला लावून बघा. गार लागलं तर आत ओल आहे, रंग द्यायचा नाही.

उरलेलं सोयाचं दूध आणि सुती कापड

रेशीम आणि लोकर प्रथिनांची असते, म्हणून त्यांना झाडापानांचे रंग सहज धरतात. सुती कापड प्रथिनांचं नसतं, आणि व्हीगन माणसाला रेशीम-लोकर टाळायची असते, म्हणून ही अडचण येणारच. त्यावर जुना जपानी उपाय म्हणजे सोयाचं दूध. ज्या प्रथिनांचा टोफू होतो तीच धाग्यावर बसतात आणि रंगाला धरायला जागा देतात. चूक होते ती दूध घट्ट घेण्यात, मग कापडावर ठिगळांसारखे डाग उमटतात. एका भागाला पाच भाग पाणी मिसळा, कापड आधी धुण्याच्या सोड्यात उकळून स्वच्छ करा, बुडवा, सगळीकडून सारखं पिळा, वाळवा, आणि असं दोन-तीनदा करा. दूध ताजंच हवं, गरमीत ते काही तासांत नासतं आणि तो वास कापडात राहतो. मग आठवडाभर कापडाला हात लावू नका.

रंगांत कांद्याच्या टरफलांपासून सुरुवात करा, पिवळसर नारिंगी छटा चांगली टिकते. बीटचा सुंदर गुलाबी रंग दोन-तीन धुण्यांत जातो. हळद उन्हात विटते आणि साबण लागला की लाल होते. तसं झालं तर कापड फेकू नका, थोडं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बुडवा. पिवळा रंग तुमच्या डोळ्यांसमोर परत येतो.