जुन्या गाडीच्या मागून आवाज येतोय? पार्ट बदलायच्या आधी हे करून बघा

गाडी दहा-बारा वर्षांची झाली की मागून कसला ना कसला आवाज सुरू होतोच, आणि गॅरेजला नेली की तो नेमका गप्प बसतो. मग अंदाजाने पार्ट बदलले जातात. माझ्या गाडीला खड्ड्यातून गेलं की मागे डावीकडे 'टक' व्हायचं, एकदाच, कोरडा आवाज. दोन्ही शॉकअप (धक्के जिरवणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बदलून झाले, बुश (जोडांमधली रबरं) बदलून झाले, आवाज तसाच. शेवटी एक दिवस मी मागच्या सीटवर बसलो, भावाला गाडी चालवायला दिली आणि एकेक वस्तू हाताने दाबून धरत गेलो, तर सीटबेल्टची लोखंडी पट्टी खांबाच्या प्लास्टिकवर आपटत होती. हातात धरली की बंद, सोडली की टक.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, आवाज कुठून येतोय हे नंतर, आधी तो कधी येतोय ते पक्कं करा. गाडीची बॉडी म्हणजे पत्र्याची पेटी, एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला ऐकू येतो, त्यामुळे कान जागेबद्दल हमखास फसवतात. 'कधी'बद्दल मात्र फसवत नाहीत. उभ्या गाडीत येतो का, फक्त खड्ड्यात येतो का, स्पीडबरोबर वाढतो का, वळताना बदलतो का, ब्रेक दाबला की थांबतो का, हे दोन-तीन दिवस मोबाईलमध्ये लिहून ठेवा, खरंच लिहा, आठवणीवर सोडू नका.

सुरुवात डिकीपासून. सगळं म्हणजे सगळं बाहेर काढा, जॅक, पाना, स्टेपनी, पार्सल ट्रे, आणि त्याच रस्त्यावरून त्याच स्पीडने एक चक्कर मारा. आवाज गेला तर एकेक वस्तू परत ठेवत जा. स्टेपनीचा नट अर्धवट आवळलेला असणं हे फार कॉमन आहे. मागची सीट फोल्ड होणारी असेल तर तिचं लॉक हलवून बघा, डिकीच्या दाराचे रबरी ठोकळे झिजलेत का बघा, नंबरप्लेट बोटाने वाजवून बघा. आणि आवाज ऐकायला म्हणून कुणालाही डिकीत झोपवून गाडी चालवू नका, माणूस मागच्या सीटवर बेल्ट लावूनच बसवा.

उभ्या गाडीत, इंजिन चालू असताना खडखड येत असेल तर बहुतेक सायलेन्सर. हळूहळू रेस करा, एका ठरावीक रेसलाच पत्रा वाजतो आणि पुढे गेलं की थांबतो, असं असेल तर सायलेन्सरवरचा हीट शील्डचा (उष्णता अडवणारा) पत्रा सुटलाय. सायलेन्सर पूर्ण गार झाल्यावर हाताने हलवून बघा, रबरी हँगर तुटला असेल तर तो झोके खाऊन बॉडीला लागतो. चावी फिरवल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद जी बारीक घूं येते ती बऱ्याच गाड्यांत टाकीतून इंजिनला पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाची असते, त्याला घाबरू नका.

आता चाकांकडे. मोकळ्या सरळ रस्त्यावर 50-60 च्या स्पीडला क्षणभर क्लच दाबा. (चावी बंद अजिबात करायची नाही, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं आणि ब्रेक जड होतो.) इंजिनची रेस उतरूनही आवाज तसाच राहिला तर तो चाकाबरोबर फिरणारा आवाज आहे. टक-टक-टक अशी लय असेल तर मोजा. साध्या कारच्या चाकाचा घेर 1.8 ते 1.9 मीटरच्या आसपास असतो, म्हणजे 20 च्या स्पीडला चाक सेकंदाला साधारण 3 वेळा फिरतं. लय त्याच हिशोबाची असेल तर टायरच्या खाचेत खडा किंवा खिळा शोधा. खिळा दिसला तर रस्त्यात उपटू नका, हवा जाईल, तसंच पंक्चरवाल्याकडे न्या.

घरघर असेल तर बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं तो भाग) की टायर हा खरा घोळ, दोन्ही अगदी सारखेच ऐकू येतात. गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या चाकावर येतं, त्यामुळे डाव्या वळणावर घरघर वाढली तर उजवं बेअरिंग आणि उलट. टायरसाठी तळहात नक्षीवरून आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखं लागलं, किंवा मध्ये मध्ये खड्डे जाणवले, तर टायर वेडावाकडा झिजलाय, आणि असे खड्डे असतील तर त्यामागे बरेचदा थकलेला शॉकअप असतो. अजून शंका असेल तर त्या बाजूची पुढची-मागची चाकं आपसात बदला, साईज सारखी असेल तरच. आवाज पुढे गेला तर टायर, मागेच राहिला तर बेअरिंग.

बेअरिंग तपासायला मागचं चाक उचलावं लागतं. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (दगड किंवा लाकडी ठोकळा), गाडी गिअरमध्ये, मग जॅक आणि गाडीखाली स्टँड. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर हँडब्रेक सोडून मागचं चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा, बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये बारीक खरखर हाताला कळते, कानाला कळायच्या आधी. मग चाक वर-खाली धरून हलवा, खडखड लागली तर ढिलाई आहे.

फक्त खड्ड्यात खटखट असेल तर शॉकअपवर तेल ओघळलंय का, वरचा माउंट, आणि बुशचं रबर फाटलंय का एवढं बघा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत रिव्हर्समधून पहिला टाकताना 'ठण्ण' झालं तर प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, संशयित, आणि रेस देताना कूं आणि पाय काढला की सूर बदलला तर डिफरन्शियल (मागच्या चाकांमधला गिअरचा डबा).

रात्रभर ओलाव्यात हँडब्रेक लावून ठेवल्यावर सकाळी पहिल्या फुटाला टक झालं तर गंजाने ब्रेकचे शू चिकटलेत, एकदाच होऊन थांबलं तर चालतं. पण ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखं झालं, चाक हाताने हललं किंवा पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथेच उभी करा. चाकाचे नट तर सगळ्यात आधी तपासा, हल्लीच पंक्चर काढलं असेल तर नक्कीच.

गॅरेजला गेलात की "मागून आवाज येतो" एवढंच सांगू नका. "40 च्या पुढे घरघर, डाव्या वळणावर वाढते, ब्रेकने फरक नाही, चाकं पुढे-मागे बदलून बघितली" असं सांगा आणि मेकॅनिकला शेजारी बसवून तोच रस्ता दाखवा. काम झाल्यावर पुन्हा त्याच रस्त्यावरून चक्कर मारा, आणि चाक काढलं असेल तर 50-100 किलोमीटरनंतर नट परत एकदा आवळून घ्या.